फळीवरचा ताल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरातली सगळ्यांत बोलकी खोली कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी स्वयंपाकघर म्हणेन. माणसं गप्प असली तरी ती खोली बोलत असते. फोडणी चुरचुरते, कुकर शिट्टी देतो, खलबत्त्यात वेलदोडे कुटले जातात आणि फळीवर कांदा चिरला जात असतो. हा चिरण्याचा आवाज कधी नीट ऐकलात का? ज्याचा हात बसलेला आहे, त्याच्या सुरीला एक लय असते. नवशिका चिरायला लागला की ती लय अडखळते. आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या माणसालासुद्धा मान वर न करता कळतं, की आज ओट्याशी कोणी दुसरंच उभं आहे.

एवढ्याशा गोष्टीवर दीड तासाचं नाटक उभं राहू शकतं आणि ते वर्षानुवर्षं रोज चालू शकतं, हे मी दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये पाहिलं. २०१९ च्या ऑक्टोबरात कामानिमित्त मी तिथे आठवडाभर होतो. नाटकाचं नाव 'नान्ता'. मूळ चिनी अक्षरांवरून आलेला हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ काहीसा 'वेडंवाकडं ठोकत सुटणं' असा आहे. मुष्टियुद्धात दोघेही बचाव सोडून एकमेकांना बुकलायला लागले, की कोरियन वार्ताहर हाच शब्द वापरतात. नाव असं धसमुसळं, पण प्रत्यक्षात या खेळात एकही ठोका वेडावाकडा पडत नाही. गंमत तिथेच आहे.

'नान्ता'चा पहिला प्रयोग ऑक्टोबर १९९७ मध्ये सोलच्या होआम आर्ट हॉलमध्ये झाला. निर्माते सोंग सुंग-ह्वान. लहानपणापासून रेडिओ, दूरदर्शन आणि रंगभूमीवर काम केलेला हा लोकप्रिय नट. आता ते वर्ष लक्षात घ्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे पडदा वर गेल्यावर थोड्याच आठवड्यांत, कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले. त्या दिवसांना कोरियन माणूस अजूनही नुसतं 'आयएमएफ' म्हणतो, जसं आपल्याकडची जुनी माणसं 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात. कारखाने बंद पडले, माणसं घरी बसली. देशाचं कर्ज फेडायला लोकांनी रांगा लावून लग्नातल्या अंगठ्या दिल्या. अशा हंगामात कोबी चिरण्याचं विनोदी नाटक काढून बसलेल्या माणसाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण लोक आले. कदाचित त्या दिवसांत काहीतरी जोरात ठोकलं जाताना पाहणं ही लोकांचीही गरज असेल. हा माझा तर्क.

नाटकात शब्द जवळजवळ नाहीत. अधूनमधून एखादा मोडका इंग्रजी शब्द, एखादी आरोळी, एवढंच. यामागे हिशेब होता. कोरियन भाषा कोरियाबाहेर फारसं कोणी समजत नाही. उत्तम नाटक लिहिलं तरी ते सीमेवर अडतं. हे दुखणं मराठी नाटकवाल्यांना समजावून सांगायला नको. सोंग यांनी उपाय केला तो असा, की भाषाच काढून टाकायची आणि जे कुणालाही कळेल ते ठेवायचं. म्हणजे भूक, घाई, धाक दाखवणारा साहेब आणि ताल. त्याआधी ब्रिटनमधून निघालेल्या 'स्टॉम्प' या खेळाने झाडू, कचऱ्याचे डबे आणि काड्यापेट्या वाजवून जग जिंकलं होतं. तो नमुना समोर होताच. पण 'स्टॉम्प'ला गोष्ट नाही. 'नान्ता'ला आहे.

गोष्ट चार ओळींची आहे. एका उपाहारगृहाचं स्वयंपाकघर. तीन आचारी कामाला लागताहेत. तेवढ्यात व्यवस्थापक येऊन फर्मान सोडतो, की आज संध्याकाळी सहा वाजता इथे लग्नाची मेजवानी आहे, सगळे पदार्थ तोवर तयार हवेत. वर आपला भाचा त्यांच्या गळ्यात मारतो, यालाही काम शिकवा म्हणून. भाच्याला सुरी कशी धरायची ते ठाऊक नाही. भिंतीवरचं घड्याळ पुढे सरकतंय. बस्स. साहेबाचा भाचा ही जात जगातल्या प्रत्येक कचेरीत असते, त्यामुळे पात्रपरिचय कुणाला करून द्यावा लागत नाही. लग्नाचं जेवण वेळेवर होईल की नाही, ही धाकधूकही आपल्याला नवी नाही. कोरियात लग्नाच्या जेवणात शेवयांसारखे लांब नूडल्स वाढायची रीत आहे. लग्नाच्या वयाच्या मुलाला वडीलधारी माणसं विचारतात, 'आम्हाला नूडल्स कधी खायला घालतोस?' आपण लाडू कधी म्हणून विचारतो, अगदी तसंच.

मी गेलो ते थिएटर म्योंगदोंग या बाजारपेठेच्या भागात होतं. बरोबर तिथल्या कार्यालयातला माझा एक सहकारी होता. पन्नाशीचा अभियंता, मितभाषी. माझ्या आग्रहाखातर आला होता. 'हे तुम्हा पाहुण्यांसाठी असतं,' असं तो वाटेत दोनदा म्हणाला. आत पाहिलं तर खरोखरच बहुतेक सगळे पाहुणे होते. चिनी, जपानी, थायलंडचे, एक-दोन अमेरिकन कुटुंबं आणि पुष्कळ लहान मुलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. सुरी आणि फळी यांतून ताल निघतो कसा?

चार आचारी चार फळ्यांपुढे उभे राहतात. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत सुऱ्या. सुरीची धार फळीवर पडली की 'टक्', पातं आडवं आपटलं की 'फट्', मुठीने ठोकलं की 'ठक्'. फळीच्या मध्यावर आवाज भरीव येतो, कडेला कोरडा. म्हणजे साधनं दोनच, पण आवाज पाच-सहा. मग फळीवर भाजी आली की आणखी भर. काकडी आवाज गिळते आणि 'कच्' करते. गाजर कडक, ते टणकन उत्तर देतं. कोबीचा गड्डा चिरताना आधी खोल आवाज येतो आणि पानं सुटत गेली की तो हलका होत जातो. हे सगळं चालू असताना भाजी खरोखर चिरली जात असते, तुकडे उडत असतात, पुढच्या रांगेतल्या मुलांच्या केसांत कोबी अडकतो. बघणाऱ्याला वाटतं, काय धिंगाणा आहे. डोळे मिटून ऐकलं की लक्षात येतं, चौघांमध्ये कामाची वाटणी झालेली आहे. एक जण ठेका सोडत नाही, दुसरा त्यात पोटठोके भरतो, तिसरा-चौथा सवाल-जवाब करतात. मी डोळे मिटले होते. त्या गोंधळात सम कुठे आहे ते सापडायला दोन मिनिटं लागली. एकदा सापडली की मग मांडीवर हात आपोआप पडायला लागला.

हा ताल आला कुठून? तो 'समुल नोरी'तून आला. 'समुल' म्हणजे चार वस्तू आणि 'नोरी' म्हणजे खेळ. चार वाद्यांचा खेळ. पहिलं 'क्वेंगवारी', हातात मावेल एवढी काशाची छोटी थाळी, कर्कश आणि झणझणीत. दुसरं 'जिंग', काशाचंच पण मोठं, लांबवर घुमणारं. तिसरं 'जांगू', कमरेत बारीक असलेला दुतोंडी ढोल, आपल्या डमरूचा थोराड भाऊ म्हणा. चौथं 'बुक', साधा गोल ढोल. कोरियन मंडळी यांना निसर्गाशी जोडतात. क्वेंगवारी म्हणजे विजेचा कडकडाट, जांगू म्हणजे पाऊस, बुक म्हणजे ढग आणि जिंग म्हणजे वारा. नेतृत्व ढोलाकडे नसतं, त्या एवढ्याशा थाळीकडे असतं. तिचा आवाज सगळ्यांना चिरून पलीकडे जातो, म्हणून ती वाजवणारा म्होरक्या.

जांगूबद्दल दोन शब्द जास्त बोलायला हवेत, कारण ते ऐकून आपल्याकडच्या तबलजीला घरी आल्यासारखं वाटेल. त्याची डावी बाजू खर्जाची, उजवी बाजू टिपेची. उजवीकडे बांबूची बारीक कांब, डावीकडे गोंड्याची काठी. आणि मुख्य म्हणजे त्याचे बोल आहेत! दोन्ही बाजू एकदम वाजल्या की 'दॉंग', नुसती डावी वाजली की 'कुंग', नुसती उजवी वाजली की 'दॉक'. आपला 'धा' कसा दोन्ही हातांचा असतो, 'गे' डाव्याचा आणि 'ना' उजव्याचा, तसंच हे. शिष्य आधी तोंडाने बोल म्हणतो, मग हाताने वाजवतो. कोरियन भाषेत या पद्धतीला 'तोंडाचा आवाज' अशाच अर्थाचा शब्द आहे. लयही आपल्यासारखीच विलंबितापासून द्रुताकडे चढते. शेवटच्या धावत्या तालाचं नाव 'ह्विमोरी', म्हणजे गुरं हाकलत न्यावीत तसं रेटत नेणं. त्याआधीचा 'जाजिनमोरी' हा तीन-तीन मात्रांच्या चार गटांचा. 'नान्ता'तला तो भाजी चिरण्याचा प्रसंग संपत येतो तेव्हा सुऱ्या याच वाटेने पळत सुटतात.

ही चार वाद्यं मूळची शेतकऱ्यांची. लावणी-बेणणीच्या दिवसांत गावकरी मिळून एकमेकांच्या शेतावर काम करायचे, तेव्हा बांधावर हा ताफा वाजायचा. काम जड असेल तर ताल जड, हात उरकायचे असतील तर ताल उचलून धरलेला. नव्या वर्षाला हाच ताफा घरोघर जायचा. अंगणात वाजवायचा, विहिरीपाशी वाजवायचा, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन चुलीच्या देवतेसाठी वाजवायचा. त्या देवतेसाठी घरची बाई पहाटे ताजं पाणी वाटीत भरून ठेवत असे. तेव्हा ढोल आणि चूल यांची गाठ कोरियात 'नान्ता'ने घातली असं कुणी म्हणू नये. ती जुनीच आहे.

आणखी एक गाठ आहे, ती मला सगळ्यांत जास्त आवडली. क्वेंगवारी आणि जिंग ज्या धातूचे असतात, त्याच धातूची कोरियन ताटं-वाट्याही असत. तांबं सुमारे ७८ टक्के आणि कथील २२ टक्के. भट्टीत तापवायचं आणि हातोड्यांनी ठोकून आकार द्यायचा. आपल्या काशाच्या वाटीचं आणि भजनातल्या टाळाचं प्रमाणही याच्याच आसपास असतं. कथील एवढं जास्त असलं की धातू ठिसूळ होतो, पण नादही त्यामुळेच येतो. त्यामुळे घडवणाऱ्याचं सगळं कसब ठोकण्यात. म्हणजे एकाच कासाराच्या एकाच भट्टीतून एकीकडे भाताचा वाडगा निघायचा आणि दुसरीकडे वाद्य. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. युद्धासाठी धातू हवा म्हणून घरोघरची ही भांडी जप्त केली गेली. पुढे देश स्वतंत्र झाला, भांडी परत आली. तेवढ्यात शहरांत कोळशाच्या वड्यांच्या शेगड्या आल्या. त्या धुराने काशाला डाग पडायला लागले आणि बायकांनी स्टेनलेस स्टील जवळ केलं. आपल्या आज्यांनी पितळ्या-तांब्या मोडीत घातल्या, त्याची मला आठवण झाली. स्टीलच्या भांड्याला आवाज असतो, पण तो रेंगाळत नाही.

शेतावरचा ताफाही याच सुमारास मोडला. माणसं शहरात गेली. १९७० च्या दशकात सरकारने खेडी सुधारण्याची मोठी मोहीम काढली. कौलं बदलली, रस्ते झाले. त्याबरोबरच अंधश्रद्धा म्हणून गावोगावच्या जुन्या विधींवरही वरवंटा फिरला. ढोल होते, वाजवायला निमित्त राहिलं नाही. अशा वेळी १९७८ मध्ये सोलच्या एका छोट्या नाट्यगृहात काही तरुणांनी ही चार वाद्यं घेऊन प्रयोग केला. त्यांच्यातला किम दुक-सू हा फिरत्या खेळकऱ्यांच्या घरातला, पाच वर्षांचा असल्यापासून वडिलांबरोबर फडात नाचलेला. अंगणात नाचत, उड्या मारत, तास न् तास वाजवायचं संगीत त्यांनी बसून, दाट विणीत, बंदिस्त केलं. 'समुल नोरी' हे नाव तेव्हाचं. जाणत्यांनी नाकं मुरडली. बसून वाजवतात, प्रेक्षक नुसते ऐकतात, मग यात अंगण कुठे राहिलं? पण ते संगीत टिकलं आणि जगभर गेलं. शेतकऱ्यांच्या या वादन-नर्तनाचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीतही झाला.

मध्यंतरी एक वेगळाच अध्याय घडला. तो मला पुस्तकातून नव्हे, तर शेजारच्या खुर्चीतून समजला. खेळ संपल्यावर आम्ही एका गल्लीत जेवायला बसलो होतो. माझा सहकारी सांगू लागला, की १९८७ च्या जूनमध्ये तो महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होता. लष्करी राजवटीविरुद्ध मोर्चे निघत होते. त्या मोर्चांच्या पुढे विद्यार्थ्यांची ढोलपथकं असायची. शहरात वाढलेली ही मुलं सुट्टीत खेड्यांत जाऊन म्हाताऱ्यांकडून वाजवायला शिकून आलेली. 'अश्रुधुराच्या आधी क्वेंगवारी ऐकू यायची,' तो म्हणाला. 'ती ऐकली की पोटात गोळा यायचा. आणि पाय मात्र पुढे जायचे.' त्याच महिन्याच्या २९ तारखेला सरकार नमलं आणि राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडण्याची मागणी मान्य झाली. 'आज तोच ताल मी गाजरांवर ऐकला,' असं म्हणून तो हसला. पण ते हसू पूर्ण नव्हतं.

मी त्याला विचारलं, मग तुला हे आवडलं की नाही? त्याने बराच वेळ चॉपस्टिक्सशी चाळा केला. मग म्हणाला, की त्याच्या मुलीला तो ताल याच खेळात पहिल्यांदा भेटला. ती सात-आठ वर्षांची असताना शाळेबरोबर पाहून आली आणि आठवडाभर घरात पातेली बडवत होती. 'तिला मोर्चा ठाऊक नाही, शेत ठाऊक नाही. पण मी टेबलावर बोटांनी ठेका धरला, की ती पुढचा ठोका बरोबर देते.' एवढंच म्हणाला. हो किंवा नाही असं उत्तर त्याने दिलं नाही आणि मीही मागितलं नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मी खूश होऊन बाहेर पडलो. त्याचं कारण विनोद. तालातून हसू कसं काढतात, हे मी इतक्या स्वच्छपणे कुठे पाहिलं नव्हतं. युक्ती अशी आहे. आधी एक ठेका प्रेक्षकांच्या अंगात मुरू द्यायचा. चार वेळा, आठ वेळा, अगदी तसाच. आता पुढचा ठोका कुठे पडणार हे हजार कानांना ठाऊक झालेलं आहे. आणि नेमक्या त्या जागी काहीच वाजवायचं नाही. भाचा सुरी उचलून नुसताच बघत उभा. त्या रिकाम्या जागेत नाट्यगृह हसतं. आपल्याकडे तिहाई घेऊन समेवर येताना कलाकार जाणूनबुजून किंचित थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडून जी 'वा' निघते, तिचंच हे थट्टेखोर भावंडं. नवशिक्या भाच्याची भूमिका करणारा नट चौघांत सर्वांत तयारीचा असावा लागतो, असं माझं निरीक्षण आहे. नेमकं चुकायला ताल पक्का लागतो.

प्रेक्षकांनाही ते सोडत नाहीत. दोघांना वर बोलावून शिजत असलेलं सूप चाखायला देतात आणि बघता बघता त्यांनाच नवरा-नवरीचे पारंपरिक कपडे चढवतात. आमच्या वेळी एक थाई बाई आणि एक अमेरिकन आजोबा यांचं असं लग्न लागलं. आजोबांची खरी पत्नी खाली बसून फोटो काढत होती. पुढे नाट्यगृहाचे दोन भाग पाडून 'मांदू' करण्याची शर्यत लावली. मांदू म्हणजे सारण भरलेली उकड, मोदकाचा चुलत चुलतभाऊ. कोण कुठल्या देशाचा हे विसरून आमची डावी बाजू उजव्या बाजूवर ओरडत होती. माझा मितभाषी सहकारी उभा राहून ओरडत होता, हे मी नोंदवून ठेवलेलं आहे. जुन्या जाणत्यांनी जे अंगण हरवलं म्हणून हळहळ केली होती, ते या पाहुण्यांच्या गर्दीत थोडंसं परत आलं, असं मला वाटलं. कोरियन लोककलेत प्रेक्षकाने गप्प बसणं हा अपमान. मध्येच 'ऑलसू!' अशी दाद देणं हे त्याचं कामच. इथे ते काम परक्या लोकांनी आपापल्या भाषेत केलं.

सगळंच गोड मानून घ्यावं असंही नाही. एकुलती एक स्त्री-आचारी ढोल वाजवण्यात कुणाला हार जाणारी नव्हती, पण तिच्या वाट्याला आलेला प्रेमप्रकरणाचा धागा जुन्या सिनेमातून उचललेला. मधली पंधरा-वीस मिनिटं पडापडीच्या विनोदात लांबतात. आणि भाजी! रोजच्या प्रयोगाला कोबी, गाजरं, काकड्या, कांदे यांचा चुराडा होतो आणि त्यातला बराच भाग जमिनीवर जातो. अन्न पायाखाली आलं तर उचलून नमस्कार करायला शिकवणाऱ्या घरात मी वाढलो आहे. त्या ढिगाकडे पाहताना हात शिवशिवले. सोलमध्ये ते दिवस थंडीच्या कोबीची वाट पाहण्याचे होते. नोव्हेंबरमध्ये घरोघर किमची घालण्याचा मोठा घाट असतो. शेजारणी जमतात, डझनांनी गड्डे मिठात मुरवतात, तिखट चोळतात आणि वाटून घेतात. आपल्या वाळवणांच्या दिवसांसारखंच ते. ज्या देशात कोबीला एवढा मान, त्या देशात तो रंगमंचावर असा उधळावा, यावर तिथल्या एखाद्या आजीचं काय म्हणणं आहे, हे ऐकायला मला आवडलं असतं.

या खेळाचा पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये सोंग आपली मंडळी घेऊन स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या प्रसिद्ध नाट्यमहोत्सवात गेले. परदेशी लोकांना कळावं म्हणून तिथे नाव घेतलं 'कुकिन'. खेळ गाजला. २००० मध्ये सोलमध्ये फक्त याच नाटकासाठी वेगळं थिएटर उघडलं. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या मिनेटा लेन थिएटरमध्ये मुक्काम पडला, तो २००५ पर्यंत. पुढे प्रेक्षकांची एकूण संख्या १ कोटीच्या पलीकडे गेली. त्याच्या पाठोपाठ सोलमध्ये शब्दांविना खेळांची रांग लागली. तायक्वांदोसारख्या युद्धकलांच्या कसरतींवरचं 'जंप' हे त्यांतलं एक.

पण पाहुण्यांवर उभा राहिलेला धंदा पाहुण्यांबरोबरच डळमळतो. २०१७ मध्ये कोरियाने अमेरिकेची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा आपल्या भूमीवर बसवली. चीन रागावला आणि तिथल्या सहली बंद झाल्या. क्षेपणास्त्रं आणि कोबी यांचा संबंध काय? पण चिनी सहलींच्या जोरावर चालणारं 'नान्ता'चं सोलमधलं एक थिएटर त्या वर्षाअखेरीस बंद करावं लागलं. मग २०२० मध्ये कोविड आला. विमानंच थांबली, तेव्हा खेळही थांबले. वर्षानुवर्षं हाताला घट्टे पाडून घेतलेले हे वादक-नट एका रात्रीत रिकामे झाले. सुरीचा हात असा असतो, की महिनाभर सोडला तरी तो परत बसवायला वेळ लागतो.

सोंग यांची स्वतःची कहाणी याहून वेगळ्या वळणाने गेली. २०१८ च्या फेब्रुवारीत प्योंगचांग इथे झालेल्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्‌घाटन आणि समारोप सोहळ्यांचं दिग्दर्शन त्यांच्याकडे होतं. तो डोलारा पार पडल्यावर थोड्याच काळात त्यांची दृष्टी झपाट्याने गेली. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेना, संहिता वाचता येईना. २०२० मध्ये ते नट म्हणून पुन्हा रंगमंचावर उभे राहिले, 'द ड्रेसर' या इंग्रजी नाटकाच्या कोरियन प्रयोगात, एका थकलेल्या म्हाताऱ्या नटाच्या भूमिकेत. संवाद कानाने ऐकून पाठ केलेले.

कोविड ओसरल्यावर 'नान्ता'ही पुन्हा सुरू झालं. सोलला जायचा योग आला, तर त्या वेळी कोणतं थिएटर चालू आहे याची हॉटेलात चौकशी करा. मुलं बरोबर असतील तर पुढच्या रांगा घ्या आणि पांढरे कपडे घालू नका. तालाचा शौक असेल तर मात्र मधल्या रांगा बऱ्या. तिथे चारही फळ्यांचा आवाज सारखा पोचतो. आणि पोटात दोन घास घालून जा. दीड तास समोर कांदा-लसूण परतला जात असतो, त्याचा वास शेवटच्या रांगेपर्यंत येतो आणि त्यातलं आपल्या वाट्याला काही येत नाही.